परळचे हाफकिनसाहेब

गेल्या वर्षी शाळेत लस टोचण्यासाठी आरोग्य केंद्राची मंडळी आली असता सातव्या इयत्तेतील एका मुलाने रांगेत उभ्या उभ्या मला विचारले, की गुरुजी, ही सुई सर्वांत आधी कोणाला टोचून पाहिली असेल? मुलगा भित्रा होता व प्रश्न पळवाटेसाठी केलेला होता हे मी ओळखले. तथापि प्रश्न काही वाईट नव्हता, आणि मला त्याचे तत्काळ उत्तर देता आले नाही. सर्व लसींचा इतिहास सांगणे माझ्या शक्तीबाहेरचे आहे. परंतु एका लसीपुरते त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मुंबईत, परळ येथे सापडते. आणि त्या लसीचा संबंध थेट आपल्या मावळापर्यंत येऊन पोचतो. म्हणून हे चरित्र विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी लिहीत आहे.

पवन मावळातील वृद्ध माणसांच्या तोंडी प्लेगच्या सालांची गोष्ट अजून क्वचित निघते. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हे, आज्यापणज्यांकडून ऐकलेली. घरात उंदीर पडू लागले की घरेदारे सोडून माळावर झोपड्या घालून राहावे, जांघेत किंवा काखेत गाठ आली की आशा सोडावी, एकास पोचवून यावे तो दुसरा आडवा झालेला दिसावा, असे ते दिवस होते. त्या वेळी आपल्याकडे धरण नव्हते, पवनानगर हे नावही नव्हते. लोहगड, तुंग आणि तिकोना तेवढे आज आहेत तसेच उभे होते. आणि मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी लोणावळे व कामशेत ह्या स्थानकांवरून तेव्हाही जात होती. तिच्यात बसून मुंबई सोडणारी माणसे हजारोंनी देशावर आली. त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही घाट चढून वर आला.

ह्या रोगावरील पहिली लस ज्यांनी तयार केली त्यांचे नाव वाल्देमार मोर्देकाय हाफकिन. त्यांचा जन्म इ. स. १८६० मध्ये दक्षिण रशियातील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा विद्यापीठात इल्या मेच्निकोव हे प्राणिशास्त्राचे प्रख्यात अध्यापक होते. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकितात हा शोध ज्यांनी लावला व ज्यांस पुढे नोबेल पारितोषिक मिळाले तेच हे. हाफकिन त्यांचे लाडके शिष्य बनले. त्या काळी रशियात यहुदी लोकांवर जमावाचे हल्ले होत. घरे लुटली जात, माणसे मारली जात. अशा एका दंगलीत आपल्या लोकांचे रक्षण करण्यासाठी तरुण हाफकिन पुढे सरसावले, जखमी झाले आणि वर तुरुंगातही गेले. मेच्निकोवांनी खटपट करून त्यांना सोडविले.

शिक्षण पुरे झाल्यावर अध्यापकाची जागा मिळणे त्यांच्या विद्वत्तेस साजेसे होते. अडचण एकच निघाली. रशियन ख्रिस्तमंडळीचा बाप्तिस्मा घेतल्याखेरीज यहुद्यास ती जागा मिळू शकत नव्हती. हाफकिन यांनी बाप्तिस्मा घेतला नाही व जागाही घेतली नाही. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि ही गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो. ज्या प्रभूच्या नावाने तो बाप्तिस्मा द्यावयाचा तो प्रभू स्वतः यहुदी कुळात जन्मला होता, आणि त्याने कोणासही पगाराची लालूच दाखवून आपल्यामागे बोलाविले नव्हते. नोकरीसाठी बदललेला धर्म हा धर्मही नव्हे आणि नोकरीही नव्हे, तो नुसता सौदा होय. हाफकिन यांनी तो सौदा नाकारला, म्हणून मला ते ह्या बाबतीत त्या मागणी करणाऱ्यांपेक्षा ख्रिस्ताच्या अधिक जवळचे वाटतात. मला असे वाटल्याचे कळते तर त्यांना कदाचित आवडले नसते.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. आधी काही काळ जिनीव्हा येथे काढून १८८९ मध्ये ते पॅरिस येथे पाश्चर संस्थेत गेले. गुरू मेच्निकोव तेथे अगोदरच पोचले होते. संस्थेत एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. विज्ञानातील पदवीधराने पुस्तकांवरील धूळ झटकण्याचे काम पत्करले. दिवसा पुस्तके मांडावी आणि उरलेल्या वेळात जंतूंचा अभ्यास करावा, असा क्रम सुरू झाला.

त्या वेळी पटकीने जगभर थैमान घातले होते. पटकीचा जंतू कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३-८४ मध्ये ओळखला होता, परंतु त्यावर सर्वमान्य लस नव्हती. हाफकिन यांनी हे जंतू गिनीपिग नावाच्या लहान प्राण्याच्या पोटात घातले, तेथून काढून दुसऱ्याच्या पोटात घातले, तेथून तिसऱ्याच्या. असे करिता करिता जंतूंचे विष पुष्कळ पटींनी वाढले. उलटपक्षी, जंतूंना विशिष्ट उष्णतेत व हवेच्या झोतात वाढवून त्यांनी त्यांचा एक सौम्य प्रकारही तयार केला. आधी सौम्य व काही दिवसांनी तीव्र, अशा दोन टोचण्या दिलेले प्राणी पटकीला दाद देईनात. प्राण्यांचे झाले, आता माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःस टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, आणि थोड्या दिवसांत सर्व ठीक झाले. त्यानंतर त्यांच्या ओळखीच्या काही रशियन मित्रांनी पुढे होऊन टोचून घेतले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात म्युनिक शहरी पेटेनकोफर नावाच्या वृद्ध प्राध्यापकाने पटकीचे जंतू असलेले पाणी सर्वांदेखत पिऊन टाकिले. नुसत्या जंतूने पटकी होत नाही असे त्याचे मत होते व ते त्यास सिद्ध करावयाचे होते. तो वाचला, पण मत मात्र चुकीचेच होते. स्वतःच्या देहावर प्रयोग करणारे दोघेही. धैर्यात कोणी उणा नव्हता. परंतु एकाने आधी वर्षभर प्राण्यांवर पडताळा घेऊन मग पाऊल टाकिले व दुसऱ्याने आपला हट्ट पुरा करण्यासाठी पेला उचलला. विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी हा फरक ध्यानात धरावा.

रशियाने आपल्या ह्या पुत्राची लस स्वीकारली नाही. पॅरिसमधील ब्रिटिश वकील लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने हाफकिन १८९३ मध्ये कलकत्त्यास आले. येथे दुसरीच अडचण. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. परदेशी, त्यात रशियन, त्यात यहुदी. सरकारी वैद्यकीय खात्यातील पुष्कळ अधिकारी त्यांच्याकडे संशयाने पाहत. गोरगरिबांना तर सुई घेऊन येणाऱ्या कोणत्याही साहेबाची भीतीच वाटे. हाफकिन यांचा उपाय एकच असे. ते गर्दीपुढे आपली बाही वर करीत आणि आधी स्वतःस टोचून घेत; मग त्यांचे बंगाली डॉक्टर सहकारी टोचून घेत; मग ज्याची इच्छा असेल त्याने यावे. सक्ती नव्हती. अशा रीतीने सुमारे दोन वर्षांत सुमारे ४२,००० लोकांना त्यांनी टोचले. तेवढ्यात हिवतापाने त्यांना गाठले. अंगात थंडी भरून हुडहुडी घेत त्यांना १८९५ साली युरोपात परतावे लागले. पटकीशी झुंजणारा माणूस डासापुढे हरला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र हा ताप डास पसरवितो हे तोवर सिद्ध व्हावयाचे होते.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले तो मुंबईत प्लेग फुटला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील विचित्र तापाचे रोगी पाहून हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग होय, असे निदान प्रथम करणारे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोमंतकातील. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला होता. तो माणसांपर्यंत उंदरावरच्या पिसवांमार्फत येतो हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. त्याचा पुरावा सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरास १८९८ मध्ये कराची येथे मिळाला. तोवर सरकार मोऱ्या धुवीत होते, भिंतींना चुना लावीत होते आणि लोक गाव सोडून पळत होते. निम्मी मुंबई ओस पडली.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व तिच्यापुढील ओटी मिळाली, आणि मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. काम इतके होते, की एक सहायक त्या श्रमाने आजारी पडला व इतर सोडून गेले, असे सांगतात.

लस करण्याची रीत मुलांना ऐकण्यासारखी आहे. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस्सा लागतो. युरोपात त्यासाठी गाईचे मांस वापरीत. येथे ते हिंदूंना निषिद्ध आणि डुकराचे मुसलमानांना. हाफकिन यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा घेतला. त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडिले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबू लागत. एखाद्या गुहेच्या छतातून चुन्याचे सुळके लोंबावे तसे. बाटली हलविली की ते सुळके तुटून तळाशी बसत व वर नवे वाढू लागत. असे काही आठवडे चालल्यावर सर्व द्रव सुमारे तासभर ६५ ते ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून जंतू मारीत व थोडे कार्बोलिक अॅसिड घालीत. म्हणजे ह्या लसीत जिवंत जंतू नव्हते, मेलेले होते. पण ते खरोखर सर्व मेले आहेत की नाहीत, आणि मेलेल्या जंतूंचे विष माणसास कितपत बाधते, ह्याचे उत्तर सशांवरील प्रयोगांतून पुरते मिळत नव्हते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपल्या शरीरात ह्या लसीचे १० घन सेंटिमीटर टोचून घेतले. पुढे सर्वसाधारण माणसास जेवढी मात्रा देत तीहून ही पुष्कळच जास्त होती. मोठी मात्रा आपणांस सोसली तर लहान मात्रा इतरांस सोसेल, असा त्यात हिशेब. तीव्र ताप आला, अंग ठणकले. त्या अवस्थेतही ते कामावर होते. ताप उतरल्यावर ही गोष्ट प्रगट झाली आणि मग कॉलेजातील अध्यापक व शहरातील काही प्रतिष्ठित नागरिक टोचून घेण्यास पुढे आले. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे.

परंतु प्रश्न येथे संपत नाही. खरा अवघड भाग पुढेच आहे. एका माणसाला ताप येऊन गेला म्हणजे लस निर्धोक ठरली, ती उपयोगी ठरली नव्हे. प्लेगपासून बचाव होतो की नाही हे कसे कळावे? त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपुढे हाफकिन यांनी लसीची माहिती ठेविली आणि स्वेच्छेने पुढे येणारांस ती टोचली. सुमारे निम्मे कैदी पुढे आले. सर्वांचे अन्न एक, कोठड्या सारख्या, काम सारखे. भेद तो सुईचा. पुढील दिवसांत ज्यांनी टोचून घेतले नव्हते त्यांच्यात प्लेगची लागण व मृत्यू पुष्कळ झाले आणि टोचलेल्यांत फारच थोडे. शास्त्रज्ञास पाहिजे होता तो पुरावा मिळाला.

माझ्या मनाला मात्र येथे थांबावेसे वाटते. तुरुंगातील माणसाची संमती कितपत मोकळी असते? दाराला कुलूप, बाहेर शिपाई, आत रोग. अशा माणसाने हात पुढे केला तर तो विश्वासाने केला, भयाने केला, की साहेबाची मर्जी राखण्यासाठी केला, हे कोण सांगेल? हाफकिन यांनी जबरदस्ती केली नाही, व आधी स्वतःस टोचून घेतले होते, ह्या दोन गोष्टी त्यांच्या बाजूच्या आहेत. त्या लहान नाहीत. पण पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, इलिनॉय प्रांतातील स्टेटव्हिल तुरुंगात, कैद्यांना मुद्दाम हिवताप लावून नव्या औषधांचे प्रयोग केले गेले. तेव्हा हाच प्रश्न अधिक तीव्र होऊन उभा राहिला. आज कैद्यांवर असे प्रयोग करण्यास नियमांची कडक बंधने आहेत.

ह्या ठिकाणी कोणी विचारील, की तुरुंगात प्लेग येण्याची वाट कशास पाहावयाची? टोचलेल्या माणसाला मुद्दाम रोग लावून पाहिला असता तर निकाल आठ दिवसांत लागला नसता काय? लागला असता. पण १८९७ साली प्लेगवर औषध नव्हते. लस खोटी ठरती तर तो माणूस हातचा गेला असता. जो रोग लावून मग उतरविता येत नाही तो लावणे म्हणजे हत्याच होय, आणि ही मर्यादा हाफकिन यांनी ओलांडली नाही.

हिवतापाची गोष्ट निराळी आहे, कारण त्यावर कोयनेल होते. रोनाल्ड रॉस हे आपल्याच देशात, अल्मोडा येथे जन्मलेले लष्करी डॉक्टर १८९५ पासून सिकंदराबादेस ह्या तापाचा माग काढीत होते. हुसेन खान नावाच्या रोग्यास एका डासाने चावा घेतला की एक आणा, असा त्यांनी दर ठरविला होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या पोटात त्यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. पुढे १९०० साली रोमहून लंडनला पेटीतून डास पाठविण्यात आले आणि रॉसचे मार्गदर्शक डॉक्टर मॅन्सन यांच्या तरुण मुलाने आपला हात त्यांच्यापुढे धरिला. त्याला हिवताप आला, मग कोयनेलने बरा वाटला, आणि काही महिन्यांनी पुन्हा उलटला. बापाने मुलावर असा प्रयोग करावा की नाही, ह्याविषयी माझे मत अजून ठरलेले नाही. मुलगा सज्ञान होता व वैद्यकाचा विद्यार्थी होता, एवढेच सांगतो.

आज हिवतापाच्या लसींची परीक्षा ह्याच मार्गाने होते. निरोगी तरुण माणसे सर्व समजून घेऊन आपल्या खुशीने येतात. भांड्यात कोंडलेले, जंतू असलेले डास त्यांच्या हाताला चावू दिले जातात. नंतर त्यांचे रक्त वरचेवर तपासतात आणि जंतू दिसताच औषध देऊन रोग उतरवितात. ऑक्सफर्ड येथे तयार झालेली आर-२१ नावाची लस आरंभी अशाच स्वयंसेवकांवर पारखली गेली व पुढे आफ्रिकेतील मुलांवर तिची मोठी परीक्षा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. ती लस आपल्या पुण्यास, सीरम संस्थेत तयार होते. कामशेतहून लोकल गाडीने पुण्यास जाणाऱ्या आपल्या मुलांपैकी कोणी उद्या तेथे कामास असेल.

आता पुन्हा १८९७ सालाकडे वळू. मुंबईचा प्लेग पुण्यास आला. तेथे दिवंगत जोतीराव फुल्यांच्या पत्नी सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करिता करिता स्वतः प्लेगने १० मार्च १८९७ रोजी वारल्या. सरकारने रँडसाहेबांच्या हाताखाली सोल्जर घालून घरांच्या झडत्या सुरू केल्या. देवघरांत व माजघरांत बूट शिरले. लोकांचा संताप इतका वाढला, की २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली व पुढे ते मेले. एकाच रोगाशी लढण्याचे हे दोन मार्ग एकाच वर्षी महाराष्ट्राने पाहिले. बंदुकीच्या धाकाने रोगी शोधणारास लोकांनी रोगी लपवून उत्तर दिले. आधी स्वतःच्या अंगावर सुई टोचणाऱ्याकडे लोक हळूहळू का होईना, चालत गेले. तेही सगळे नव्हेत. ह्या लसीने माणूस मरतो, वंश बुडतो, अशा नाना अफवा होत्या. आणि झडत्यांनी पोळलेल्या लोकांनी त्या खऱ्या मानिल्या तर त्यांस मी फारसा दोष देणार नाही.

लोणावळे येथेही त्याच वर्षी ही लस टोचण्यात आली. टोचलेल्या व न टोचलेल्या लोकांची तुलना करून हाफकिन यांनी जे पुरावे पुढे मांडिले त्यांत खडकीबरोबर लोणावळ्याचाही समावेश होता. म्हणजे आपल्या तालुक्यातील, नावे कोठे न राहिलेली, साधी माणसे ह्या मोठ्या परीक्षेत भागीदार होती. दमणचा पुरावा सर्वांत ठळक ठरला. पोर्तुगीज अमलातील त्या गावी २,१९७ लोकांनी टोचून घेतले व ६,०३३ जणांनी घेतले नाही. पहिल्यांपैकी ३६ मेले, दुसऱ्यांपैकी १,४८२. बडोद्याजवळच्या उंढेरा गावी १८९८ मध्ये घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना टोचले. न टोचलेल्या ६४ पैकी २६ दगावले, टोचलेल्या ७१ पैकी ३. हे आकडे वाचताना पुरावा किती पक्का असे प्रथम वाटते. नंतर मनात येते, की एकाच चुलीभोवती बसणाऱ्या त्या कुटुंबांत कोणास टोचावे व कोणास नाही हे ठरत असता आयांना काय वाटले असेल.

मुंबईत तरुण आगाखान यांनी आपल्या खोजा समाजापुढे स्वतः टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. काम वाढले तेव्हा सरकारने परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस मोकळे करून दिले. ती वास्तू मुळात जेझुइट पाद्र्यांच्या चर्चची; मग इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान; आणि १० ऑगस्ट १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा. हाफकिन तिचे प्रमुख झाले. चाळीशीच्या आतच त्यांची कीर्ती जगभर पसरली.

आणि मग मुलकोवाल. पंजाबातील ह्या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ लोकांना परळच्या लसीची टोचणी झाली. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला. जबडे मिटले, अंगे धनुष्यासारखी वाकली, आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. हे सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही. चौकशी बसली. लस त्वरेने व पुष्कळ तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल करून कार्बोलिक अॅसिड वगळले होते. तेव्हा विष परळलाच बाटलीत शिरले असावे, असा चौकशी मंडळाचा कल पडला. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले.

पण नोंदी निराळे सांगत होत्या. टोचण्याच्या वेळी बाटलीचे बूच काढणाऱ्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करिता पुन्हा वापरिला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे विद्यार्थ्यांनी आरोग्यशास्त्रात वाचले आहे. शिवाय, ते जंतू बाटलीत आठवड्यांपूर्वीच शिरले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी आल्याची नोंद नव्हती. हे सर्व लंडनमधील शास्त्रज्ञांना दिसत असूनही कागद हालेनात. अखेर रोनाल्ड रॉस, ज्यांस १९०२ साली हिवतापाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले होते तेच, हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस व आणखी नऊ नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्स पत्रात आले. त्यानंतर सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरीची जागा देऊ केली. तोवर पाच वर्षे गेली होती.

फ्रान्समध्ये ड्रेफस ह्या यहुदी सेनाधिकाऱ्यावर खोटा आरोप आला होता, ते प्रकरण त्या काळी ताजे होते. हाफकिन यांचे प्रकरण त्याचेच धाकटे भावंड, असे कित्येकांनी म्हटले. ते यहुदी नसते व वैद्यक खात्यातले असते तर त्यांना इतकी वर्षे ताटकळावे लागले असते काय, ह्याचे उत्तर मला होय असे देववत नाही. तरीपण मुलकोवालच्या एकोणीस जणांना विसरून हाफकिन यांची कीव करणेही योग्य नव्हे. ते खेडूत विश्वासाने आले होते. दोष परळचा की चिमट्याचा, हा वाद त्यांच्या घरच्यांना सारखाच निरर्थक होता. हाफकिन यांच्या दोषमुक्तीसाठी दहा थोरांच्या सह्या झाल्या. त्या एकोणिसांची नावे मात्र माझ्या वाचनात कोठे आली नाहीत.

हाफकिन कलकत्त्यास परतले, पण पूर्वीचे दिवस परतले नाहीत. माणसांवर नवीन लशींचे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना पुन्हा मिळाली नाही. वयोमर्यादा होताच, १९१५ च्या सुमारास, त्यांनी हिंदुस्थानचा कायमचा निरोप घेतला. इकडे परळची शाळा चालूच होती. १८९७ ते १९२५ ह्या काळात मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लक्ष मात्रा प्लेगच्या लसीच्या बाहेर पडल्या. ही लस पूर्ण संरक्षण देणारी नव्हती; टोचूनही काही मरत; ताप व वेदना बऱ्याच होत. पुढे निराळी औषधे निघाली व तिची जागा त्यांनी घेतली. परंतु औषध नसलेल्या त्या तीस वर्षांत लोकांच्या हाताशी दुसरे होते तरी काय? १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. मूळ पुरुष हयात असता नाव दिले गेले, हे एक बरे झाले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांच्या चित्राचे टपालाचे तिकीट काढिले.

शेवटची वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये व स्वित्झर्लंडमध्ये काढिली. लग्न त्यांनी केले नव्हते. तरुणपणी जो धर्म त्यांनी सोडण्यास नकार दिला, त्याचे आचार आता ते निष्ठेने पाळू लागले होते. खाण्यापिण्याचे नियम, प्रार्थना, शब्बाथ. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान शहरी त्यांचा अंत झाला. मृत्यूच्या आदल्या वर्षी त्यांनी आपली सर्व शिल्लक एका निधीत घातली होती. तो निधी होता पूर्व युरोपातील गरीब यहुदी मुलांच्या शाळांसाठी, जेथे त्यांना आपले धर्मशास्त्र शिकता यावे.